व्हेंट पाइप आढ्याजवळ घे

ठाणे, २० सप्टेंबर

प्रिय सुहास,

तुझ्या मनालीच्या होमस्टेच्या छताचे फोटो पाहिले. पत्रा छान बसलाय, पण संडासाचा व्हेंट पाइप, म्हणजे आतला वास आणि वायू वर सोडणारी नळी, वळचणीपासून हातभर अंतरावर काढलाय. तो तिथे ठेवू नकोस. इथे ठाण्यात शेडवर पाइप कुठेही काढला तरी चालतं, कारण वरून फक्त पाणी येतं. तुझ्याकडे बर्फाचा अख्खा थर सरकत येतो.

उन्हाने किंवा घरातल्या उबेने थराचा तळ वितळतो, पत्रा निसरडा होतो आणि सगळं एकदम सुटतं. हिशेब बघ. दबलेला बर्फ घनमीटरला २५० किलो धर. दोन फुटांचा थर म्हणजे चौरस मीटरला दीडशे. पाइपच्या वर आढ्यापर्यंत ५ मीटर पाखं असेल आणि पाइपने मीटरभर रुंदीचा पट्टा अडवला, तर ७५० किलो झाले. ३० अंशांच्या उतारावर त्यातला निम्मा भार खाली ढकलतो. घर्षण वजा केलं तरी पीव्हीसी एवढं झेलत नाही. आढ्यापासून अर्ध्या मीटरवर तोच जोर चाळीस किलोच्या आत येतो.

म्हणून छताखाली ४५ अंशांचे दोन बेंड टाकून पाइप आढ्याजवळ ने. मधल्या तुकड्याला खालच्या उभ्या पाइपकडे उतार दे, नाहीतर साचलेलं पाणी गोठेल. बाहेर पडण्याआधी तो वाशाला क्लॅम्पने पक्का बांध. नाहीतर बर्फाचा धक्का आतल्या जोडापर्यंत पोचेल. पत्र्यातल्या भोकातून पाणी येऊ नये म्हणून पाइपभोवती बसवायची रबरी कॉलर फाटलेली निदान दिसते. आतला जोड निखळला तर ते घाणेरड्या वासानेच कळतं.

कॉलरचा चौकोनी तळ कोपरा वर करून बसव, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी जाईल. खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि दर ४० मिमीला वॉशरचा स्क्रू. आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नकोस, ते जस्ताचा थर खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं, आंबट वास नसलेलं माग. हे सगळं थंडी पडण्याआधी उरक, गार पत्र्यावर टेप धरत नाही.

पाइपच्या वरच्या अंगाला जाड पत्र्याची, टोक आढ्याकडे असलेली पाचर लाव. ती पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारात, बोल्ट कर, नुसत्या पत्र्यावर स्क्रू मारलेली उपटून येते. बर्फ छतावरच धरून ठेवणारे बर्फरोधक लावणार असशील तर पाख्याच्या पूर्ण रुंदीला ओळी हव्यात. पाइपपुरते चार तुकडे लावले तर सगळा भार त्यांच्यावरच येतो.

आणखी एक. डासांसाठी आपण इथे व्हेंटच्या तोंडाला जाळी बांधतो, तिथे बारीक जाळी नको. आतली दमट हवा तोंडाशी गोठून भोक बुजवते, मग सिंकमधून गुळगुळ आवाज येतो आणि ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी ओढलं जातं. पाइप ५० मिमीचा असेल तर छताच्या फूटभर खालीच ७५ चा कर. उंची गावात साचणाऱ्या थरापेक्षा अर्धा फूट जास्त ठेव; त्याहून उंच पाइपला तरफेसारखा जोर बसतो.

पत्र्याच्या नागमोडी वळ्यांमधलं अंतर आणि उताराचा कोन मोजून कळव. पाचर वागळे इस्टेटमध्ये वाकवून पाठवतो.

तुझा,
मिलिंद