केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र : ड्रममधल्या मिश्रणाची तपासणी कोण करणार?

माननीय केंद्रीय कृषिमंत्री,
स.न.वि.वि.

कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण आपल्या चांगला परिचयाचा असेल. तोंडावाटे दिल्यावर निम्मे उंदीर मरतील अशी मात्रा उंदराच्या वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असली की लाल, 5,000 च्या पुढे गेली की हिरवा. अधेमधे पिवळा आणि निळा. 1971 च्या नियमांपासून हेच चालले आहे.

पण तो त्रिकोण एका डब्यापुरता. आमच्याकडे कपाशीवर एकच औषध कोणी मारत नाही. बांधावर ड्रम ठेवतात, त्यात तुडतुड्यांचे औषध, बुरशीनाशक, एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत, वरून झाकणभर स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरवून चिकटवणारे द्रव; तुराटीने ढवळले की पंप भरायला तयार. कारखान्यात बनलेल्या जोडऔषधाची नोंदणी समितीपुढे छाननी होते. या ड्रममधल्या काल्याची होत नाही.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, कित्येकांना दिसेनासे झाले. चौकशी पथक नेमले गेले. हातमोजे-मास्क वापरले नाहीत, कपाशी डोक्याच्या वर गेली होती, पंपांचा दाब जास्त होता, अशी कारणे पुढे आली. ती खरीच आहेत. मात्र मिश्रण माणसाच्या पेशीचे काय करते, हा प्रश्न तेव्हाही कडेलाच राहिला.

मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच बोलतो. पेशीपटल म्हणजे काही नॅनोमीटर जाडीचा मेदाचा दुहेरी थर. स्टिकरचे काम पानावरच्या मेणचट थरावर थेंब पसरवण्याचे. त्यातली साबणासारखी रसायने कातडीच्या आणि डोळ्याच्या पेशींचा मेदही सैल करू शकतात. मग सोबतच्या विषाला आत शिरायला वाट मिळते. युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटच्या तणनाशकांतून पीओईए हा सहघटक हद्दपार केला. तो मुख्य विष नव्हता, नुसता पसरवणारा होता.

हे तपासायला फार मोठे यंत्र लागत नाही. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये माणसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर मिश्रण वेगवेगळ्या तीव्रतेने सोडायचे. एलडीएच नावाचे विकर (एन्झाइम) एरवी पेशीच्या आत असते. पटल फाटले की ते बाहेरच्या द्रवात येते. अभिकर्मक, म्हणजे विकराशी क्रिया करून रंग देणारे रसायन, घातले की जिथे गळती, तिथला खळगा लालसर होतो आणि रंगाच्या गडदपणावरून गळती मोजता येते. काही रसायने एलडीएचलाच निकामी करतात आणि निकाल फसवा येतो, म्हणून जोडीला न्यूट्रल रेड या जिवंत पेशीच शोषून घेतात अशा रंगाची चाचणी हवी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर दाह तपासण्याची पद्धतही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्येच स्वीकारली आहे.

या चाचण्यांनी सगळे कळेल असा माझा दावा नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक मज्जासंस्थेतल्या विकरावर घाव घालते. ते पटलाच्या चाचणीत दिसणार नाही. यकृतात गेल्यावर रसायनाचे काय होते, तेही नाही. परंतु कोणते स्टिकर कोणत्या औषधासोबत पेशी फाडते, एवढे तरी नक्की समजेल. शाम्पू-लिपस्टिकसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या आपण 2014 मध्ये बंद केल्या. कॉस्मेटिकच्या बाबतीत सुचलेले शहाणपण फवारणीवाल्यापर्यंत यायला इतकी वर्षे का लागावीत, हे मला उमगत नाही.

कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक 2020 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. नव्या कायद्यात स्टिकर आणि स्प्रेडर यांचीही नोंदणी सक्तीची करा. बाटलीवर घटक लिहायला लावा. कापूस, सोयाबीन, द्राक्ष या पिकांवर शेतकरी प्रत्यक्षात करतात ती मिश्रणे कृषी सहायकांकडून गोळा करून घ्या आणि त्यांच्या पेशीचाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत करवा. खर्च उत्पादकांकडून घ्यावा, पण नमुने त्यांनी निवडू नयेत. जी मिश्रणे घातक ठरतील त्यांची यादी खरिपाआधी प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर लावावी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत.

आपला,
यवतमाळच्या कापूस उत्पादकाचा मुलगा