‘एमबी’ म्हणजे बिट की बाइट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोमन लिपीत लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे दोन्ही ‘एमबी’च होतात आणि आठपटीचा फरक छापतानाच गळून पडतो. इंटरनेट प्लॅनच्या जाहिरातीतले ‘१०० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट असतात. आठने भागले की सेकंदाला १२.५ मेगाबाइट उरतात. म्हणजे १ गीगाबाइटची फाइल उतरायला दहा नव्हे, ऐंशी सेकंद लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर.

सीसीटीव्हीत हा घोळ खरा महागात पडतो. नाशिकचा गंगापूर रोड असो की सिडको, सोसायटीच्या सभेत ‘८ कॅमेरे, १ टीबी हार्ड डिस्क’ असे कोटेशन मंजूर होते (१ टीबी म्हणजे १,००० गीगाबाइट). रेकॉर्डिंग किती दिवस राहील, हे कोणी विचारत नाही. हिशोब करून पाहा. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला तयार होणारा डेटा, २ मेगाबिट धरला तर आठांचे १६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. रोजचे सुमारे १७३ गीगाबाइट झाले. १ टीबी सहा दिवसही पुरत नाही. सातव्या दिवशी चोरी लक्षात आली, तर त्या रात्रीवर नवे रेकॉर्डिंग चढलेले असते. सलग रेकॉर्डिंग महिनाभर हवे असेल, तर ६ टीबीची डिस्क घ्यावी लागते. बिटरेट ४ मेगाबिट ठेवला, की जागाही दुप्पट. २०२७च्या सिंहस्थासाठी कॅमेरे बसवणाऱ्या लॉजमालकांनी कोटेशनवर बिटरेट आणि दिवस, दोन्ही लिहून घ्यावेत. डिस्कही डेस्कटॉपची नको, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली ‘सर्व्हेलन्स’ प्रकारची हवी.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, त्यात मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या पटीत. बाइट तेवढेच असतात.

मेमरी कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला वेग सहसा वाचण्याचा असतो. व्हिडिओ शूटिंगला लागतो तो लिहिण्याचा वेग, आणि त्याची खूण बारीक असते. गोलातला १० (‘क्लास १०’) म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, ‘व्ही३०’ म्हणजे किमान ३०. कॅमेरा १०० मेगाबिटने फोरके चित्रण करत असेल, तर त्याला १२.५ मेगाबाइट लागतात. तिथे क्लास १० कार्डाची हमी अपुरी पडते आणि ऐन मंगलाष्टकांत रेकॉर्डिंग थांबू शकते. ‘कार्ड खराब निघाले’ म्हणण्याआधी ही खूण पाहावी.

‘मेमरी’ या शब्दाचेही तेच. ‘मोबाइलची मेमरी फुल झाली’ म्हणतात तेव्हा स्टोरेज भरलेले असते. ‘८+१२८’मधले ८ जीबी ही रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती जागा; १२८ जीबी हे स्टोरेज. फोटो कितीही पुसले, तरी ती वाढत नाही.

एसएसडीच्या (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या) बिलावर नुसते ‘५०० जीबी एम.टू’ लिहिणे अर्धवट आहे. एम.टू हा आकार झाला. त्याच आकारात साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार येतात. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर अडतो, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट पुढे जाते. पण काही जुन्या लॅपटॉपच्या खाचेत फक्त साटाच चालते; तिथे एनव्हीएमई बसवली तर ती दिसतच नाही, आणि पाकीट फोडलेले असल्याने दुकानदार परत घ्यायला कुरकुरतो. महात्मा गांधी रोडवरच्या आपल्या दुकानदारांनी बिलावर हा एक शब्द वाढवला, तर दोघांचाही हेलपाटा वाचेल.

आपल्या दैनिकाला आमची कळकळीची विनंती आहे. मोबाइल, इंटरनेट, कॅमेरे यांच्या बातम्यांत आणि तक्त्यांत ‘एमबी’ न छापता ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ असा पूर्ण शब्द छापावा, आणि ‘मेमरी’ऐवजी ‘रॅम’ की ‘स्टोरेज’ ते स्पष्ट लिहावे. स्तंभात दोन-तीन अक्षरांची जागा जास्त जाईल, एवढेच.

आपले,
संगणक व स्टोरेज दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक, नाशिक