ग्रंथालयातल्या अनामिकांचे आभार

स्थलांतरित कामगारांवरचा माझा प्रबंध पूर्ण झाला. विद्यापीठ ग्रंथालयातल्या ज्यांची नावं मला कधी कळलीच नाहीत, त्यांचे आभार जाहीरपणे मानायचे आहेत.

संदर्भ विभागातल्या बाई, डेटाबेस उघडण्याआधी तुम्ही मला माझा प्रश्न एका वाक्यात लिहायला लावलात. मग 'सोशिऑलॉजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' या समाजशास्त्रीय लेखांच्या डेटाबेसमधली विषयसंज्ञांची सूची दाखवलीत आणि शोध एकदम नेमका झाला. एक चांगला लेख सापडला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचं, आणि 'सोशल सायन्सेस सायटेशन इंडेक्स'मध्ये तो नंतर कोणी उद्धृत केला ते पाहत पुढे यायचं, ही वाटही तुमचीच. संशोधनपद्धतीच्या प्रत्येक वर्गात हे शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संगणकाशी बसणारे सर, सर्वेक्षणांची मूळ आकडेवारीही मिळू शकते, हे तुमच्यामुळे कळलं. १९६२ साली सुरू झालेलं 'आयसीपीएसआर' हे सामाजिक संशोधनाच्या आकडेवारीचं भांडार तुम्ही उघडून दिलंत. 'आकड्यांना हात लावण्याआधी कोडबुक वाचा,' हा तुमचा आग्रह होता. कोणता प्रश्न कोणाला विचारला, उत्तर न देणाऱ्यांची नोंद कशी केली, हे सगळं तिथेच होतं. माझं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे.

आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुर्मीळ अहवाल मागवून देणाऱ्यांचे, आणि ड्युई वर्गीकरणातल्या ३०० च्या, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या, कपाटांत पुस्तकं रोज जागच्या जागी लावणाऱ्यांचेही मनःपूर्वक आभार. प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी संदर्भ विभागात ठेवली आहे.