टोळीतून बाहेर पडण्याची एकच वाट

संपादक महोदय,

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशात टोळीवाले म्हणून डांबलेल्यांच्या महातुरुंगाचे फोटो आपल्याकडेही अधूनमधून छापून येतात. मुंडण केलेली डोकी, पांढऱ्या चड्ड्या, गोंदलेली अंगे. अशांपैकी कुणी ख्रिस्ती झाल्याचे वाचले की आपण एक तर ‘वाल्याचा वाल्मीकी’ म्हणतो, नाहीतर ‘शिक्षा टाळायचे सोंग’. वाल्याभोवती निदान वारूळ तरी होते. इथे भोवती टोळीच उभी असते, आणि सोंग ओळखायचे कामही तीच करते.

एमएस-13 आणि बारिओ 18 या दोन्ही टोळ्या मूळच्या लॉस एंजेलिसच्या. एल साल्वादोरमधले यादवी युद्ध 1992 मध्ये संपले, पुढे अमेरिकेने या टोळ्यांतल्या साल्वादोरी पोरांना हजारोंनी मायदेशी धाडले आणि टोळ्या तिथे रुजल्या. एमएसमध्ये शिरताना 13 सेकंद सगळ्यांच्या लाथाबुक्क्या खायच्या, दुसरीत 18 सेकंद. बाहेर पडायचे ते मेल्यावरच.

याला अपवाद इव्हँजेलिकल चर्चचा, म्हणजे बायबल आणि व्यक्तिगत धर्मांतरावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथांचा. पोरगा आपल्या गटाच्या म्होरक्याला सांगतो, मी आता देवाकडे चाललो. म्होरक्या बहुधा अडवत नाही, कारण देवाशी खेळ नको ही भीती टोळीतही मुरलेली आहे. पण त्याच कारणाने खोट्याला क्षमाही नाही. दारू बंद, सिगारेट बंद, नाच बंद, लांब बाह्यांचा सदरा, हातात बायबल, आणि आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी उपासनेला हजर. शनिवारी रात्री बिअरची बाटली हातात दिसली तर जीव जाऊ शकतो.

मग कॅथलिक चर्च का चालत नाही? तिथे रविवारची मिस्सा झाली की बाकी सहा दिवस कोण कुठे असतो याची मोजदाद होत नाही. (वसईची दगडी चर्चे पाहणाऱ्यांनी हे चित्र जरा बाजूला ठेवावे. ही उपासना पुष्कळदा पत्र्याखाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चालते आणि स्पीकरचा आवाज गल्लीभर जातो.) संध्याकाळ ही टोळीची वेळ, तीच चर्च भरून काढते. शिवाय टोळीत रडणे म्हणजे नामर्दपणा. इथे वेदीपुढे गुडघे टेकून हमसून रडलेला माणूस ‘बंधू’ ठरतो. 2016 नंतर एल साल्वादोरमधल्याच सान फ्रान्सिस्को गोतेरा या गावच्या तुरुंगात शेकडो जण असे बदलले.

घोडे पेंड खाते ते पुढे. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, स्वतःच गरीब, तो नोकरी कुठून देणार? चेहऱ्यावर, मानेवर गोंदलेल्याला कारखान्याच्या फाटकातूनच परत धाडतात. लेसरने गोंदण काढायला अनेक बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये काही आठवडे जावे लागतात, आणि तरी फिकट खुणा राहू शकतात. विरोधी टोळीला बाप्तिस्म्याशी देणेघेणे नसते.

मार्च 2022 च्या अखेरीस तीन दिवसांत 87 खून झाले, आणीबाणी लागली आणि पुढे 70 हजारांहून अधिक लोक आत गेले. खून फार कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गोंदणाची खूण पाहून उचलताना टोळी फार पूर्वीच सोडलेलेही त्यात सापडले, त्यांच्यासोबत काम करणारे काही पाळकसुद्धा. यापुढे ते फोटो छापाल तेव्हा खालच्या ओळीत सरसकट ‘गुंड’ न लिहिता ‘अटकेतील लोक’ असे लिहावे, एवढी विनंती.

– एक वाचक, वसई