डिस्कस आणायची घाई नको रे

प्रिय मंद्या,

काल फोनवर तू म्हणालास की रविवारी टँक आणतो आणि त्याच दिवशी सहा डिस्कस मासे सोडतो, तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय म्हणून लिहायला बसलो. टँक आण, पाणी भर, फिल्टर चालू कर, पण मासे नको. निदान महिनाभर तरी नको.

मी २०१९ ला हेच केलं होतं. दुकानदार म्हणाला दोन दिवस पाणी फिरवा की झालं. चौथ्या दिवशी सगळे काळे पडून कोपऱ्यात तोंड खुपसून उभे, दहाव्या दिवशी एकच उरला. रोगबिग काही नव्हता. माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात, ते आधी त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट. म्हणून रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकत जा, त्यातून होणाऱ्या अमोनियावरच बॅक्टेरिया वाढतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट आधी वर चढतील, मग दोन्ही शून्यावर येऊन टिकले की मला फोन कर, मी येतो नाशिकला, दोघं मिळून मासे निवडू. आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नकोस, क्लोरीनने सगळी वस्ती मरते, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

हे मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना २८ ते ३० डिग्री लागतं आणि तुमच्याकडची थंडी तुला माहितीच आहे. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन लहान घे, एक अडकून चालूच राहिला तरी मासे उकडणार नाहीत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप हवाच, बॅटरीवाला घे, लाइट गेली तर जीव वाचतो. टँक २०० लिटरच्या खाली नको.

तुला सोबतीला निऑन टेट्रा हवेत ना, त्यांना एवढी उष्णता मानवत नाही, कार्डिनल टेट्रा घे, त्यांचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत असतो, निऑनला मागच्या अर्ध्याच अंगावर. देशी बदामाची गळून वाळलेली दोन-चार पानंही टाक, पाणी चहासारखं होतं. ॲमेझॉनची उपनदी रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी, तिचं पाणी असंच, आणि कार्डिनल तिथलाच.

आता जे सांगायला मन उतावीळ झालंय ते. माझ्या डिस्कसच्या जोडीने मागच्या महिन्यात उपड्या ठेवलेल्या कुंडीवर अंडी घातली आणि यावेळी खाल्ली नाहीत! तीन दिवसांत फुटली, आणखी तीन दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं पोहायला लागली आणि सरळ आईबापांच्या अंगाला चिकटली. डिस्कसच्या कातडीवर चिकट स्राव येतो, पिल्लं तोच खातात, आईचं दूध म्हण हवं तर. आई दमली की अंग झटकून बाजूला होते आणि सगळा घोळका बापाच्या अंगावर जातो. पहाटे पाचला मी टँकसमोर खुर्ची टाकून बसलो होतो, बायकोने दोनदा हाक मारली, ऐकूच आलं नाही. तुझ्या घरी हे व्हावं असं मला फार वाटतं रे.

तुमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं आहे का? बाटलीभर पाठव, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार किती आहेत ते, मोजून सांगतो.

तुझा,
बंड्या