केस पेपर म्हणजे आरोग्यसेवा नव्हे

ठाणे-नवी मुंबईत नागरी आरोग्य केंद्राचा विषय डॉक्टर आणि गोळ्यांवरच संपतो. प्राथमिक आरोग्यसेवेत काय काय येते हे सांगणाऱ्या १९७८च्या अल्मा-आटा या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यातील आठ घटकांपैकी उपचार आणि औषधे हे दोनच. पोषण, शुद्ध पाणी, माता-बालसंगोपन, लसीकरण, स्थानिक रोगांना आळा वगैरेही त्यातच येते. म्हणजे दिघा-तुर्भ्यात घरोघरी पाण्याच्या पिंपात डासांच्या अळ्या शोधणे हीसुद्धा प्राथमिक सेवाच! निकष ५० हजार लोकसंख्येमागे एका केंद्राचा; पण ते सकाळपुरतेच उघडे राहिले, तर एमआयडीसीतल्या कामगाराने रक्तदाब कधी मोजून घ्यायचा? गोवर-रुबेला लसीची पाच डोसांची कुपी उघडल्यावर उरलेली लस चार तासांनी टाकून द्यावी लागते. म्हणून कुपी न उघडता एकट्या बाळाला ‘पुढच्या वेळी या’ सांगून परत पाठवले, तर ती आई पुन्हा येईलच असे नाही. त्यापेक्षा चार डोस वाया गेलेले परवडले.

– एक वाचक, ऐरोली