आधी बोट ठरवा, मग विमान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवास पुरवणीत नॉर्वे-डेन्मार्कच्या सहलीवर आलेला लेख वाचून माझे साडू कात्रणासकट आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा न्यूकॅसलला नोकरीला आहे, आणि लेखात तर छापलं होतं की न्यूकॅसलहून बोटीत बसा, दुसऱ्या दिवशी नॉर्वेतल्या बर्गनला उतरा. साडूंनी मुंबई-लंडन तिकिटांची चौकशीसुद्धा सुरू केली होती. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. फलकावर लिहिलेली फेरी खरोखर सुटते का, ते बघितल्याशिवाय प्रवाशाला फलाटावर धाडायचं नाही ही सवय अंगात मुरली आहे, म्हणून हे पत्र.

ती बोट २००८ साली बंद झाली. त्यानंतर इंग्लंडमधल्या हार्विचहून डेन्मार्कच्या एस्बियर्गला जाणारी एक उरली होती. १८७५ पासून चालत आलेला हा मार्ग, तोही सप्टेंबर २०१४ मध्ये थांबला. आज इंग्लंडमधून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांपैकी कुठेही प्रवाशांची नियमित बोट जात नाही. लेखकाने कुठल्या तरी जुन्या गाइडबुकातून उतरवून घेतलं असणार. पण तुमच्या पुरवणीवर भरवसा ठेवून माणसं लाख-दोन लाखांची तिकिटं काढतात, तेव्हा छापण्याआधी कंपनीचं चालू वेळापत्रक उघडून बघायला काय हरकत होती?

बोटी बंद का पडल्या हेही गमतीचं आहे. १९९९ मध्ये युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांमधल्या प्रवासावरची ड्यूटी-फ्री विक्री बंद केली, आणि अशा मार्गांवरच्या बोटींचा मोठा गल्ला तिथेच जमत होता. वर स्वस्त विमानं आली. मग २०१५ पासून उत्तर समुद्रात कमी गंधकाचं महाग इंधन वापरण्याची सक्ती झाली, ती लागू होण्याच्या तोंडावर हार्विचची बोट गेली. आम्हा कोकणवासीयांना यात नवल वाटू नये. मुंबईहून किनाऱ्या-किनाऱ्याने येणारी आगबोट, बंदराबाहेर तिचं थांबणं, आणि ट्रंक, फणस, लेकुरवाळ्या बाया यांच्यासकट पडावात उतरणं माझ्या वयाच्या लोकांना चांगलं आठवतं. ती सेवा गेली ती गेलीच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जायची सोय व्हायला २०२० साल उजाडलं.

बोटीचा मार्ग अजूनही आहे, फक्त तो जर्मनीतून निघतो. आमचे लेक-जावई हॅम्बुर्गला असतात, त्यामुळे मी आणि आमची मंडळी गेल्या जूनमध्ये त्या मार्गाने जाऊन आलो. हॅम्बुर्गहून साध्या प्रादेशिक रेल्वेने सव्वा-दीड तासात कील येतं. कीलहून रोज दुपारी दोनला ऑस्लोची बोट सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लागते. आमच्या भाषेत ही रातराणी. झोपून प्रवास होतो आणि हॉटेलची एक रात्र वाचते, कारण भाड्यातच कॅबिन असते. (ऑस्लोच्या हॉटेलांचे दर बघितल्यावर ही बचत किती मोठी ते कळतं.) गोथेनबर्गला जायचं असेल तर कीलहूनच संध्याकाळी स्वीडनची वेगळी बोट आहे.

आता मुद्दा आखणीचा. आपल्याकडे लोक आधी विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेल, आणि बोट शेवटी जमली तर. हे उलटं करावं. बोटीचं भाडं दिवसागणिक बदलतं, शुक्रवार-शनिवारी चढतं. जुलैत नॉर्वेचे लोक एकगठ्ठा सुटीवर निघतात, तेव्हा चांगल्या कॅबिन आधीच गेलेल्या असतात. त्यामुळे बोटीची तारीख धरायची, तिच्या मागेपुढे विमान बसवायचं आणि कीलला पोचायला निदान दोन-तीन तासांची सवड ठेवायची. जर्मन रेल्वे वेळेवर असते ही समजूत घेऊन तिकडे जाऊ नये, एवढंच सांगतो.

कीलमध्ये एक गोष्ट बघून ठेवावी. दोन्ही बोटींचे धक्के स्टेशनपासून चालत जाण्याएवढे जवळ आहेत, पण एक ह्या काठाला आणि एक त्या. स्वीडनची बोट गावाच्या बाजूला लागते. नॉर्वेच्या बोटीसाठी खाडीवरचा पादचारी पूल ओलांडून पलीकडे जावं लागतं. हा पूल १९९७ चा, तीन तुकड्यांत घडी होणारा. जहाज आलं की घंटा वाजते, आडकाठी पडते आणि पूल खाटेसारखा दुमडून उभा राहतो. बघायला मजा येते, पण बॅगा घेऊन घाईत असाल तर मजा येत नाही. आणि बोट दोनला सुटते म्हणजे दोनला दार उघडं असतं असं नव्हे. चेक-इन त्याच्या बरंच आधी बंद होतं, आणि तिथे आपल्यासारखं ‘ओ कंडक्टर, थांबवा’ चालत नाही.

कॅबिन घेताना ‘खिडकी’ या शब्दावर जाऊ नका. ऑस्लोच्या बोटीच्या पोटात दीडशे मीटरहून लांब बाजाररस्ता आहे, दुतर्फा दुकानं आणि हॉटेलं. काही कॅबिनच्या खिडक्या त्या रस्त्यावर उघडतात. समुद्र हवा असेल तर ‘सी व्ह्यू’ लिहिलेलंच घ्यावं. आम्ही बिनखिडकीची घेतली, कारण झोपेखेरीज तिथे बसायचं होतं कुणाला? संध्याकाळी बोट डेन्मार्कच्या मोठ्या पुलाखालून जाते. मधला गाळा १,६२४ मीटरचा, पाण्यापासून उंची ६५ मीटर. वरच्या डेकवर सगळे माना वर करून उभे, आणि धुराडं आता पुलाला घासणार असं वाटता वाटता बोट सहज पलीकडे निघते. शेजारी एक नॉर्वेजियन आजोबा नातवाचं टोपरं धरून उभे होते. त्यांनी हा पूल पुष्कळदा बघितलेला असणार, तरी तेही वरच बघत होते.

सकाळी लवकर उठावं. ऑस्लोच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे खाडीत, द्रबाकजवळ पाणी अगदी चिंचोळं होतं आणि ऑस्कार्सबोर्गचा किल्ला लागतो. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे याच किल्ल्याने जर्मनांची ब्ल्यूखर ही युद्धनौका बुडवली, आणि त्या उशिरामुळे नॉर्वेच्या राजाला आणि सरकारला ऑस्लोतून निसटता आलं. नाश्त्याच्या रांगेत उभं राहून हे चुकवणारे पुष्कळ दिसले. खाणं कुठे पळून जातंय!

खाण्यावरून आठवलं. कॅबिनमध्ये खिचडीचा कुकर लावू नये. बोटीवर आगीला फार घाबरतात आणि ते रास्त आहे: १९९० मध्ये ऑस्लोहून निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ला आग लागून १५९ माणसं गेली. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात न्यायलाच बंदी आहे, तेव्हा पेढे-बर्फीचा मोह सोडावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट यांवर आमचं निभावलं. बोटीवरचा बुफे आमच्या खिशाला झेपणारा नव्हता. नॉर्वे युरोपीय संघात नसल्याने या बोटीवर ड्यूटी-फ्री मात्र अजून चालू आहे, आणि तिथली झुंबड बघून बोट कशावर तरते ते कळलं.

व्हिसाबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नव्हतं. जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे सगळीकडे एकच शेंगेन व्हिसा चालतो आणि बोटीने एकातून दुसऱ्यात गेलं तरी नवा प्रवेश धरत नाहीत. पासपोर्ट मात्र जवळ हवाच. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. फी ९० युरो, आणि ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इंग्लंडचा व्हिसा पूर्णपणे वेगळा. साडूंना हे दोन्ही लागणार होते, आणि परतून न्यूकॅसलला यायचं तर तिथला व्हिसा त्या तारखेपर्यंत चालू हवा, हे त्यांना मीच सांगितलं.

ज्यांना एवढा खटाटोप नको, पण बोटीत तर बसायचंय, त्यांनी कोपनहेगनहून रेल्वेने हेल्सिंगोरला जावं. तिथून स्वीडनचं हेल्सिंगबोर्ग बोटीने वीस मिनिटांवर. क्रोनबोर्गचा किल्ला बोटीतूनच दिसतो. त्यातल्या दोन बोटी बॅटरीवर चालतात आणि धक्क्याला लागल्या की यंत्राचा हात येऊन त्यांना चार्जिंग लावतो. मी तिथे इतका वेळ रेंगाळलो की आमच्या मंडळींनी मला डेपोत परत पाठवायची धमकी दिली. स्वीडिश लोक तर न उतरता ये-जा करत जेवण उरकतात.

साडूंचं आता असं ठरवलं आहे: न्यूकॅसलहून ॲमस्टरडॅमची रात्रीची बोट, ती अजून चालू आहे, मग रेल्वेने कील, बोटीने ऑस्लो, आणि तिथून बर्गनला पुन्हा रेल्वेने. १९०९ साली पुरा झालेला हा लोहमार्ग फिन्से स्टेशनपाशी १,२२२ मीटरवर चढतो. बर्गन चुकत नाही, फक्त मागच्या दाराने येतं.

संपादक महाराज, पुढच्या पुरवणीत दोन ओळींची का होईना दुरुस्ती छापावी. आणि यापुढे बोटीचं, रेल्वेचं वेळापत्रक देताना ते कोणत्या तारखेला तपासलं ते खाली लिहावं. आमच्या डेपोत साध्या खडूच्या फळ्यावर आम्ही ते लिहीत होतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, चिपळूण
(नाव-पत्ता संपादकांस कळवला आहे)